अवर वर्ल्ड इन डेटाचं भारताचं कार्बन पान: फुकट आहे, भारी आहे, फक्त पहिल्या ग्राफवर थांबू नका

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. एखाद्या देशाने कोळसा, तेल, गॅस जाळून किती कार्बन डायऑक्साइड सोडला याचा शे-दीडशे वर्षांचा हिशोब एका जागी, पैसे न देता, जाहिराती न बघता, लॉगिन न करता हवा असेल तर याच्याहून सोपी जागा मला तरी माहीत नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते खाली येईलच.

कशाबद्दल बोलतेय ते सांगते. अवर वर्ल्ड इन डेटा नावाची वेबसाइट आहे, ऑक्सफर्डच्या मॅक्स रोझर यांनी सुरू केलेली, देणग्यांवर चालते, आणि त्यावर प्रत्येक देशाचं कार्बनचं वेगळं पान आहे. भारताचं पान उघडलं की खाली खाली ग्राफच ग्राफ. आकडे त्यांचे स्वतःचे नाहीत, बरेचसे ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट या शास्त्रज्ञांच्या गटाकडून येतात, ऊर्जेचे एनर्जी इन्स्टिट्यूटच्या वार्षिक अहवालातून (हाच अहवाल आधी बीपी कंपनी काढायची) आणि विजेचे एम्बर नावाच्या संस्थेकडून. म्हणजे हे लोक किराणा पिकवत नाहीत, निवडून, चाळून, पाकिटात भरून देतात, आणि कुठल्या वाण्याकडून आणलं ते पाकिटावर लिहितात. मला हेच आवडतं. प्रत्येक ग्राफच्या खाली स्रोत असतो, नाहीतर आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या आकड्यांना आई ना बाप.

मी नागपुरात एमपीएससीच्या पोरांना पर्यावरण शिकवते. खिडकीतून नाही पण गच्चीवर गेलं की कोराडीच्या कोळसा वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसतात, त्यामुळे विषय काही पुस्तकी वाटत नाही. हे पान मी बरीच वर्षं वर्गात प्रोजेक्टरवर लावतेय, त्यामुळे त्याचे गुण आणि खोड्या दोन्ही चांगल्या माहितीयेत.

आता पहिला ग्राफ. देशाचं वर्षाचं एकूण उत्सर्जन. भारताची रेघ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होते, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्याच्या आगेमागे, आणि नंतर जवळजवळ शंभर वर्षं ती जमिनीला चिकटून चाललीय असं वाटतं, मग स्वातंत्र्यानंतर हळूहळू उठते, १९९० ला ५८ कोटी टनांच्या आसपास, २००० ला ९८ कोटींच्या जवळ, २०१० ला १६० कोटींच्या वर आणि २०२३ ला ३०० कोटींच्या पार. मध्ये एकच ठसठशीत खड्डा, २०२०, लॉकडाऊनचा, आणि तोही पुढच्या वर्षात भरून निघाला. (साइटवर सगळं बिलियनमध्ये आहे, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, पोरं इथेच पहिल्यांदा अडखळतात.)

हा ग्राफ बघून प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी म्हणतंच, मॅडम आपण जगात तिसरे, चीन अमेरिकेनंतर आपणच, म्हणजे आपण व्हिलन. मी काही बोलत नाही, फक्त वरचं सेटिंग बदलून दरडोई करते. भारताची रेघ खाली जाऊन बसते, माणशी वर्षाला दोन टनांच्या थोडं वर, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त, अमेरिका १४ टनांच्या घरात. आता वर्ग उलटतो, आपण बिचारे! मग तिसरा टॅब, एकत्रित उत्सर्जन, १७५० पासून आजपर्यंतची सगळी बेरीज. त्यात एकट्या अमेरिकेचा वाटा जगाच्या पाव भागाच्या जवळ आणि भारताचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. ब्रिटनसारखा आपल्या एखाद्या मोठ्या राज्याहून कमी लोकसंख्येचा देश आजही या बेरजेत भारताच्या पुढे आहे. हवेत गेलेला कार्बन शेकडो वर्षं राहतो त्यामुळे ही बेरीज नुसती इतिहासाची उणीदुणी नाहीये, तापमान तिच्यावरच ठरतं.

डेटा तोच, माणसं तीच, फक्त बटण वेगळं, आणि तीन वेगळे निष्कर्ष. या पानाची ताकद पण हीच आणि धोका पण हाच. ज्याला जे सिद्ध करायचंय तो तेवढाच ग्राफ उचलतो, स्क्रीनशॉट मारतो आणि पळतो, म्हणून माझ्या वर्गात नियम आहे की एक ग्राफ दाखवायचा असेल तर शेजारी दुसरा दाखवायचा, नाहीतर खाली बसा.

अजून एक टीप इथेच देऊन टाकते, उभ्या अक्षाशेजारी किंवा सेटिंगमध्ये लॉग स्केल (अक्षावरची प्रत्येक पायरी आधीच्या दहापट) असतो तो एकदा लावून बघा. साध्या स्केलवर १९५० च्या आधीचा भारत शून्यच वाटतो, लॉगवर कळतं की रेघ आधीपासूनच चढत होती, फक्त आकडे लहान होते.

आता माझा सगळ्यात आवडता उद्योग. देशांच्या यादीत जाऊन ब्रिटन निवडा आणि स्लायडर पार डावीकडे १७५० ला न्या. नव्वदेक लाख टनांपासून रेघ सुरू होते, जगात बाकी कोणाची रेघ नसताना. मग ती शंभर-दीडशे वर्षं चढत जाते आणि मध्येच दोन-तीन ठिकाणी असे दात पडल्यासारखे खड्डे येतात. १९२१, १९२६, नंतर १९८४. हे काही धोरण नाही की तंत्रज्ञान नाही, हे खाणकामगारांचे लढे आहेत! १९२६ चा सार्वत्रिक संप नऊ दिवसांत गुंडाळला पण खाणमजूर पुढे कित्येक महिने बाहेरच राहिले, कोळसाच निघाला नाही, तर धूर कुठून निघणार. १९८४-८५ चा थॅचरबाईंच्या काळातला संप पण तसाच रेघेत दिसतो. इतिहासाचं पुस्तक न वाचता नुसत्या कार्बनच्या रेघेवर बोट ठेवून कामगार चळवळ शिकवता येते, मला तर हे बघून दरवेळी मजा येते.

आणि जे दिसत नाही ते पण बघण्यासारखं. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर ते जीवघेणं धूरधुकं बसलं होतं, हजारो माणसं गेली, १९५६ ला स्वच्छ हवेचा कायदा आला. ग्राफमध्ये १९५६ नंतर उतार शोधाल तर सापडणार नाही, रेघ पुढे चढतच राहते आणि १९७१ च्या सुमाराला ६६ कोटी टनांच्या जवळ शिखर गाठते. कारण काजळी आणि कार्बन डायऑक्साइड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कायद्याने डोळ्यांना दिसणारा धूर गेला, न दिसणारा वायू निघतच होता. परीक्षेत यावर दरवर्षी पोरं मार्क घालवतात, दिल्लीची हवा खराब म्हणजे कार्बन वाढला असं लिहून येतात.

मग ब्रिटनची रेघ उतरली कशी? इथे खालचा इंधनवार ग्राफ उघडायचा. कोळशाचा पट्टा बारीक होत जातो, १९९० च्या दशकात उत्तर समुद्रातल्या गॅसवर वीजकेंद्रं धडाधड उभी राहिली, त्यामुळे मोठी घसरण. तरी २०१२ ला त्यांची ४० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाचीच होती हं. २०१३ पासून त्यांनी कार्बनवर किमान दर लावला, समुद्रात पवनचक्क्या लावल्या, आणि पुढच्या बारा वर्षांत कोळसा शून्यावर. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोरचं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. १८८२ ला लंडनच्या होलबर्न व्हायाडक्टवर एडिसनचं कोळशाचं वीजघर सुरू झालं होतं, त्यानंतर १४२ वर्षांनी. आज त्यांचं वर्षाचं उत्सर्जन १९९० च्या निम्म्यावर आलंय.

टाळ्या वाजवायच्या आधी अजून एक बटण. उपभोगावर आधारित उत्सर्जन, म्हणजे तुम्ही वापरलेला माल कुठेही बनू दे, त्याचा कार्बन तुमच्या खात्यावर. हे लावलं की ब्रिटनची रेघ बरीच वर सरकते, कारण पोलाद, कपडे, फोन हे सगळं आता बाहेरून येतं. तरी तीही उतरतेय, तेव्हा सगळं नाटक आहे असंही नाही. भारताचं उलटं, आपण बाहेर पाठवतो जास्त, म्हणून आपली उपभोगाची रेघ थोडी खाली येते. ही मालिका फक्त १९९० पासून मिळते हे लक्षात ठेवा, त्याच्या मागे ओढायला गेलात तर रेघच नाही.

भारताच्या इंधनवार ग्राफवर फार वेळ घालवायची गरज नाही, एका नजरेत कळतं. कोळसा. साधारण दोन तृतीयांश कोळसाच, मग तेल, गॅसची पट्टी बारीकशी, आणि वाढत चाललेलं सिमेंट. सिमेंट जाळत नाहीत तरी यात का, तर चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो म्हणून, चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यातल्या पोरांना हे समजवावं लागत नाही.

पण इथेच एक बातमी पडताळून बघायला हे पान कामाला येतं. २०२५ च्या मध्याला सगळीकडे हेडलाइन होती की देशाची निम्मी वीज आता कोळसामुक्त, पाच वर्षं आधीच टार्गेट गाठलं. खरं तर निम्मी *क्षमता*. बसवलेले मेगावॅट. सोलर पॅनल रात्री झोपतं, पवनचक्की वारा पडला की उभी राहते, कोळशाचं केंद्र मात्र रात्रंदिवस चालतं, म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटमध्ये कोळसा अजून पाऊणच्या आसपास आहे. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त एक बातमीत येतो आणि दुसरा ग्राफमध्ये. आणि त्याच सुमाराला, २०२४-२५ मध्ये, देशाचं कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेलं, ती पण अभिमानाचीच बातमी होती. दोन्ही बातम्या एकाच पेपरात वाचून माणसाने काय समजायचं!

सगळ्यात खाली दडलेला, म्हणजे बहुतेक लोक तिथवर जातच नाहीत, तो ग्राफ म्हणजे काया समीकरणाचा. योइची काया नावाच्या जपानी अभ्यासकाच्या नावाने. उत्सर्जन म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार: लोकसंख्या, दरडोई जीडीपी, एवढ्या जीडीपीसाठी लागणारी ऊर्जा, आणि त्या ऊर्जेच्या एका युनिटमागचा कार्बन. मी स्लायडर १९९० वर लावते आणि पोरांना विचारते, भारताचं उत्सर्जन पाचपटीहून जास्त वाढलं, कोणामुळे? शंभरातले नव्वद हात लोकसंख्येसाठी वर. लोकसंख्या दीडपटीपेक्षा थोडी जास्त वाढलीय, बस. मोठी उडी आहे दरडोई जीडीपीची, चौपटीच्या आसपास, म्हणजे लोकांकडे पंखे आले, गाड्या आल्या, पक्की घरं आली, फ्रिज आला. तिसरी रेघ खाली येतेय, आपण तेवढ्याच कमाईला आता कमी ऊर्जा लावतो. आणि चौथी? जवळपास आडवी. तीसेक वर्षांत एवढं सोलर, एवढ्या पवनचक्क्या, तरी ऊर्जेचा काळेपणा फारसा हललेला नाही, कारण नवं जेवढं आलं तेवढी मागणीच त्याच्या पुढे धावली. ब्रिटनचा ग्राफ शेजारी लावा, त्यांची तिसरी निम्म्याच्या आसपास आणि चौथी पण चांगली घसरलेली.

हे कळलं की सरकारी वचनं पण नीट वाचता येतात. २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत जीडीपीमागचं उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करू असं भारताने जगाला सांगितलंय. हा आकडा म्हणजे कायाच्या शेवटच्या दोन रेघांचा गुणाकार, एकूण उत्सर्जन कमी करू असं त्यात कुठेही नाही. एकूणासाठी २०७० चं नेट झिरो (जेवढं सोडू तेवढंच शोषून घेऊ) आहे, ग्लासगोला नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर केलेलं. म्हणजे पहिल्या ग्राफची रेघ अजून काही वर्षं चढली तरी वचन मोडलं असं होत नाही. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा, पण भांडायच्या आधी कुठल्या रेघेवर भांडतोय ते बघून घ्या.

ज्यांना पुढचं चित्र हवंय त्यांनी चीन लावून बघावा. आपण आज एकूण आकड्यात जिथे आहोत तिथे चीन १९९० च्या दशकाच्या मध्याला होता, आणि २००२ नंतर त्यांची रेघ जी भिंतीसारखी उभी चढली ती बघून धडकी भरते. फ्रान्स पण बघा, १९७३ च्या तेलाच्या झटक्यानंतर त्यांनी अणुवीज केंद्रांची रांग लावली आणि रेघ तिथून वळलेली स्पष्ट दिसते. (त्याच फ्रान्सच्या अणुभट्ट्या आपल्या जैतापूरला यायच्या होत्या, तो विषय नको, कमेंटमध्ये रत्नागिरीकर येतील.)

आता काय *नाही* यात. चूल नाही. लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाट्या जाळल्या तर तो कार्बन या फॉसिलच्या, म्हणजे कोळसा-तेल-गॅसच्या हिशोबात धरत नाहीत, पण २०१६ पासून उज्ज्वलाचा सिलेंडर घरात आला तर तो धरतात. म्हणजे बाईच्या डोळ्यांतला धूर गेला आणि देशाची रेघ केसभर वर गेली. म्हणून रेघ वर गेली की वाईटच झालं असं धरून चालू नका. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजं कुठल्याच देशाच्या खात्यात नाहीत, ती जगाच्या बेरजेत वेगळी. जंगलतोड वेगळ्या मालिकेत. मिथेनसाठी वेगळं पान, भातशेती आणि गुरं तिकडे. आणि जुन्या पुस्तकांशी आकडे ताडत असाल तर सांभाळा, काही ठिकाणी नुसत्या कार्बनचे टन दिलेले असतात, त्याला ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइडचे टन येतात.

माझी खरी अडचण आहे ती राज्यांची. पोरं विचारतात महाराष्ट्राचं दाखवा, आणि हे पान देशाच्या खाली उतरत नाही. महिन्याचे आकडेही नाहीत, वर्षाचे, आणि तेही वर्ष संपून काही महिने गेल्यावर, साधारण नोव्हेंबरात नवीन भरतात. महिन्याचं हवं असेल तर नॉर्वेतले रॉबी अँड्र्यू नावाचे शास्त्रज्ञ भारताचं वेगळं पान चालवतात, एक माणूस तिकडे बसून आपल्या कोळशाचा हिशोब ठेवतो! राज्यवार अंदाजासाठी जीएचजी प्लॅटफॉर्म इंडिया आहे. आणि विजेपुरतं बघायचं तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा बेसलाइन डेटाबेस, तो तर थेट सरकारी. त्यात देशाच्या ग्रिडचा, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याचा सरासरी आकडा मिळतो, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. महाराष्ट्राचा वेगळा का नाही, तर ग्रिड एकच आहे म्हणून, ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड पण उरलेल्या देशाला जोडलं. तुमच्या पंख्याला कोयनेची वीज येते की छत्तीसगडच्या कोळशाची हे कोणी सांगू शकत नाही.

हा आकडा मात्र घरी फार उपयोगी. लाइट बिल काढा, महिन्याचे १५० युनिट असतील तर १०५ किलो. सिलेंडर एक संपला तर साधारण ४२ किलो. पेट्रोल लिटरला २.३ किलो. बेरीज करा, घरातल्या माणसांनी भागा, बारा महिन्यांनी गुणा. बहुतेकांचं उत्तर दोन टनांच्या बरंच खाली येतं, कारण दरडोई आकड्यात देशातलं सगळं पोलाद, सिमेंट, खत, मालगाड्या पण असतात. हा गृहपाठ मी देतेच, आणि ज्याच्या घरी एसी जास्त तो त्या दिवशी गप्प बसतो.

वापराबद्दल थोडं. मोठ्या स्क्रीनवर बघा, एवढ्या रेघा मोबाईलवर बघायच्या म्हणजे डोळ्यांना त्रास. डाउनलोडचं बटण आहे, चित्रही मिळतं आणि एक्सेलमध्ये उघडणारी फाइलही. तुम्ही निवडलेले देश आणि वर्षं लिंकमध्येच राहतात, त्यामुळे स्क्रीनशॉटपेक्षा लिंक पाठवा, समोरचा स्वतः बटणं दाबून बघेल. नाव दिलं की वापरायला पूर्ण परवानगी, नोट्समध्ये छापा, यूट्यूबवर दाखवा, कोणी काही म्हणत नाही.

तर अर्धा गुण भाषेचा आणि राज्यांचा मिळून कापलाय. सगळं इंग्रजीत आहे, आणि माझ्याकडे गडचिरोली-वाशिमहून येणारी हुशार पोरं ग्राफ बरोबर वाचतात पण खालच्या टिपा वाचताना थांबतात, आणि खरा माल त्या टिपांमध्येच आहे. परवानगीचा प्रश्नच नाही, तेव्हा कोणाला मराठीत करायला घ्यायचं असेल तर भारताच्या पानावरची ग्राफची शीर्षकं आणि टिपा मी वर्गासाठी करून ठेवल्यात, मेसेज करा, पाठवते.